पुनश्च हरिओम, पण सावकाश

६ सप्टेंबर १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगातून बाळ गंगाधर टिळक बाहेर आले, तेव्हा त्यांचे वय ४२ होते. जवळपास वर्षभराच्या सक्तमजुरीने त्यांची प्रकृती ढासळली होती. वजन उतरले होते, चेहरा ओढला होता. तरुणपणी आखाड्यात घाम गाळून कमावलेले शरीर ओळखू येईनासे झाले होते. यानंतर त्यांनी ‘केसरी’त पुन्हा संपादक म्हणून लिहायला घेतले ते जुलै १८९९ मध्ये. त्या अग्रलेखाचे शीर्षक होते ‘पुनश्च हरिः ॐ’. थांबलेले काम नव्याने सुरू करणे या अर्थाने हे शब्द आज मराठीत रूढ झाले आहेत. जिम पुन्हा सुरू करणारा, बाळंतपणानंतर पहाटे फिरायला निघालेली, पाय मोडून सहा महिने घरात बसल्यावर पुन्हा बूट चढवणारा, असा प्रत्येक जण हेच म्हणतो.

सुटका आणि तो अग्रलेख यांच्यामध्ये दहा महिने गेले, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. आजारपण, अपघात, घरातले दुःख किंवा कामाचा ताण यामुळे व्यायाम सुटला की परतण्याची घाई होते. पूर्वी पाच किलोमीटर धावत होतो, तर आजही तेवढेच धावून बघू, असे वाटते. चौथ्या दिवशी गुडघा किंवा टाच धरते आणि बूट पुन्हा कोपऱ्यात जातात. टिळकांचे राजकारण, त्यांचे वाद आणि त्यांचे ग्रंथ यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्यांचे शरीर आयुष्यात निदान तीन वेळा खालावले आणि तिन्ही वेळा त्यांनी ते वेगवेगळ्या रीतीने सावरले. आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट पाहण्यासारखी आहे.

किरकोळ अंगाचा मुलगा

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, पुढे ते शिक्षण खात्यात अधिकारी झाले. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यात आले आणि त्याच सुमारास आई पार्वतीबाई वारल्या. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. १८७१ मध्ये त्याचे लग्न झाले आणि १८७२ मध्ये वडीलही गेले. सोळाव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपलेला, बुद्धीने तल्लख पण अंगाने किरकोळ असा हा मुलगा १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

तिथे त्यांनी जे केले ते त्या काळच्या हुशार विद्यार्थ्याकडून कोणी अपेक्षिले नसते. कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी अभ्यासाऐवजी शरीराला दिले. सकाळी तालीम, कुस्ती, नदीत पोहणे, होडी वल्हवणे आणि भरपूर खाणे असा त्यांचा क्रम होता. परीक्षेचे ते वर्ष वाया गेले, पण वर्षअखेरीस शरीर पालटले होते. पुढे गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवीही मिळवली. एक वर्ष मागे पडल्याने त्यांच्या पुढच्या आयुष्याचे काहीच बिघडले नाही. औषधाच्या बाटल्यांवर जगणाऱ्या नाजूक सोबत्यांच्या बाटल्या ते खिडकीबाहेर फेकून देत आणि त्यांना तालमीत ओढून नेत, अशा आठवणी त्यांच्याविषयी सांगितल्या जातात. आज कोणाच्या गोळ्या फेकून देण्याचा सल्ला कोणी देऊ नये. आपल्या प्रकृतीची जबाबदारी आपणच घ्यायची, हा त्यामागचा हट्ट मात्र आयुष्यभर त्यांच्या कामी आला.

त्या एका वर्षात शरीरात काय घडले असेल? नियमित श्रमाने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकू लागते. स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढते. कुस्ती आणि जोर-बैठकांनी स्नायूंचे तंतू जाड होतात आणि हाडे घट्ट होतात. यातला बराचसा भाग व्यायाम सोडला की हळूहळू ओसरतो, पण सगळा नाही. वाढलेल्या स्नायुपेशींना मिळालेली जादा केंद्रके स्नायू बारीक झाल्यावरही बराच काळ टिकतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसाच्या बाबतीत यावर संशोधकांत अजून वाद आहे. तरीही पूर्वी कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते, हा तालमीतल्या वस्तादांचा जुना अनुभव आहे आणि व्यायामशास्त्राच्या अभ्यासांतूनही तो दिसतो. टिळकांनी सतराव्या वर्षी जमा केलेली ही पुंजी पुढे तीनदा खर्चाला काढावी लागली.

डोंगरीतले १०१ दिवस

पहिला खर्च १८८२ मध्ये झाला. कोल्हापूर प्रकरणातील लिखाणाबद्दल टिळक आणि त्यांचे मित्र गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. दोघे एकाच वयाचे, एकाच कॉलेजचे. दोघांनी तेच निकृष्ट अन्न खाल्ले आणि दोघांचीही वजने घटली. ऑक्टोबरअखेर सुटून आल्यावर टिळक थोड्याच काळात पूर्ववत कामाला लागले.

आगरकरांची गोष्ट वेगळी होती. त्यांना दमा होता. त्या काळी दम्यावर आजच्यासारखी श्वासावाटे घ्यायची औषधे नव्हती. झटका आला की रात्र बसून काढायची, एवढेच हाती असे. अशाही प्रकृतीत त्यांनी ‘सुधारक’ चालवला, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले आणि १७ जून १८९५ रोजी वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आगरकरांची इच्छाशक्ती टिळकांपेक्षा कमी होती असे कोणीच म्हणणार नाही. फरक होता तो आजाराचा आणि त्या काळी उपलब्ध असलेल्या उपचारांचा. पुन्हा व्यायामाला लागताना शेजाऱ्याशी तुलना करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. एकाच वॉर्डातून एकाच दिवशी घरी गेलेल्या दोघांपैकी एक महिन्यात टेकडी चढतो आणि दुसऱ्याला तीन महिन्यांनी जिना चढताना धाप लागते. दुसरा आळशी असतो असे नाही. त्याचे फुप्फुस, हृदय, रक्तातील हिमोग्लोबिन, झोप आणि मनःस्थिती वेगळी असते.

येरवडा : शरीर किती लवकर उतरते

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. त्या धामधुमीत ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. जुलैअखेर त्यांना अटक झाली आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. डोंगरी, मग भायखळा आणि शेवटी येरवडा असा तुरुंगांचा प्रवास घडला. काथ्याचे काम वाट्याला आले. तुरुंगातल्या अन्नात कांदा-लसूण असे. ते त्यांना चालत नसल्याने पुष्कळदा भाजी बाजूला ठेवून कोरडी भाकरी खाण्याची वेळ येई. सुपारीची जुनी सवयही एकदम सुटली. ही एक गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने बरीच झाली, कारण सुपारीचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आज पुरेसा स्पष्ट आहे. बाकी सगळे शरीराच्या विरुद्ध होते. अन्न अपुरे, काम एकसुरी, झोप अपुरी आणि मनावर ताण. मॅक्समुल्लर यांच्यासह काही विद्वानांनी इंग्लंडमध्ये त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि मुदतीच्या सहा महिने आधी त्यांना सोडण्यात आले.

अशा काळात शरीराचे किती नुकसान होते, हे विसाव्या शतकातील दोन प्रयोगांनी आकड्यांत दाखवले. पहिला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातला, १९४४-४५ चा. दुसऱ्या महायुद्धातील उपासमारग्रस्तांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे समजून घेण्यासाठी ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. ताकद गेली, थंडी सहन होईना, चिडचिड वाढली, कशात लक्ष लागेना. प्रयोग संपल्यावर भरपेट अन्न मिळू लागले तरी ते लगेच पूर्ववत झाले नाहीत. आधी चरबी परतली, स्नायू त्यामागून आले आणि थकवा कित्येक महिने टिकला. वजनकाटा पूर्वीचा आकडा दाखवू लागला म्हणजे शरीर पूर्वीचे झाले, असे नाही.

दुसरा प्रयोग १९६६ मध्ये डॅलसला झाला. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातून उठू दिले नाही. जोराच्या श्रमात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे तंदुरुस्तीचे एक पक्के माप आहे. ते तीन आठवड्यांत पाव हिश्श्याहून अधिक घसरले. नंतरच्या सुमारे आठ आठवड्यांच्या व्यायामाने ते भरून आले, काहींच्या बाबतीत पूर्वीपेक्षाही वर गेले. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जितके नुकसान केले होते, त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. पाचही जण श्वासाच्या त्या मापात पुन्हा आपल्या विसाव्या वर्षीच्या मूळ पातळीपाशी पोहोचले.

या दुसऱ्या प्रयोगात धोकाही आहे आणि दिलासाही. शरीर फार लवकर उतरते, पण पन्नाशीतही ते वर चढू शकते. फक्त वेळ द्यावा लागतो. तरुणांना आठ आठवडे लागले, पन्नाशीच्या माणसांना सहा महिने.

सिंहगडाची हवा

सुटकेनंतर टिळक विश्रांतीसाठी सिंहगडावर गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा हा गड त्यांच्या आवडीचा होता. तिथे त्यांचे घरही होते आणि पुढेही उन्हाळ्यात, थकव्यात किंवा लेखनासाठी ते तिथे जात राहिले. गडावर मोकळी हवा होती, घरचे साधे अन्न होते, दूध-दही होते, पुरेशी झोप होती आणि चालायला चढ-उतार होते. पुण्यातील भेटायला येणाऱ्यांची वर्दळही तिथे कमी होती.

सिंहगडाच्या उंचीमुळे रक्तात काही जादू होते, असे समजण्याचे कारण नाही. विरळ हवेत तांबड्या पेशी लक्षणीय वाढण्यासाठी याहून बरीच जास्त उंची लागते. गडाने दिले ते वेगळेच होते. अपुऱ्या अन्नावर राहिलेल्या माणसाला आधी पोषण आणि झोप मिळाली, मग हळूहळू श्रम. पुष्कळ जण नेमका हाच क्रम उलटा करतात. टायफॉइड किंवा डेंगी होऊन गेलेला माणूस अशक्तपणा घालवायचा म्हणून अर्धपोटी असतानाच जोर काढू लागतो. स्नायू बांधायला लागणारी प्रथिने आणि ऊर्जा पोटात नसेल, तर शरीर व्यायामासाठी स्नायूच मोडून वापरते. डाळ, उसळी, दूध, दही, अंडी, शेंगदाणे यांतले रोजच्या ताटात काय आणि किती येते, हे बूट चढवण्याआधी पाहायला हवे.

चढ-उतारावर चालणे हा परतीचा उत्तम व्यायाम आहे. चढताना हृदयाला आणि मांड्यांना काम मिळते, पण धावताना पाय जमिनीवर आपटून जो धक्का बसतो तो टळतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. स्नायू हाडाला बांधणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना मात्र कित्येक महिने लागतात, कारण त्यांचा रक्तपुरवठा आणि पेशींची उलाढाल मंद असते. म्हणूनच परतीच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात दम पुरतो, उत्साह वाढतो आणि नेमकी तेव्हाच टाच किंवा नडगी दुखू लागते.

काही महिन्यांत टिळक सावरले. १८९८ च्या डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाला ते हजर राहिले आणि तिथून दक्षिणेत व सिलोनला फिरून आले. हा प्रवास कष्टाचाच होता, पण त्यात नवे लेखन नव्हते, खटला नव्हता, रोजची धावपळ नव्हती. परत आल्यावर पुढच्या जुलैत ‘पुनश्च हरिः ॐ’ प्रसिद्ध झाला. आधी शरीर, मग प्रवास, मग अंगावर पूर्ण जबाबदारी, अशा पायऱ्यांनी ते चढत गेले.

मंडाले : सगळे परत येत नाही

तिसरी वेळ सगळ्यांत कठीण होती. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या न्यायालयाने टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वे वर्ष पुरे होत होते. तोवर मधुमेह जडलेला होता. आधी साबरमती आणि मग समुद्रमार्गे ब्रह्मदेशातील मंडाले. प्रकृती पाहून सक्तमजुरीऐवजी साधी कैद करण्यात आली. मंडालेचा उन्हाळा भाजून काढणारा, कोठडी लाकडी, फिरायला कुंपणाच्या आतली मोकळी जागा.

पंचविशीतल्या तुरुंगवासासारखी ही वेळ नव्हती. इथे ताकद कमावणे हे ध्येय असूच शकत नव्हते. आहे ते टिकवायचे होते. टिळकांनी आहाराकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. भात टाळला, जवाच्या पिठावर आणि दुधावर भर दिला आणि काय खाल्ल्यावर प्रकृतीत काय फरक पडतो याकडे लक्ष ठेवले. त्या काळात मधुमेहावर औषध जवळजवळ नव्हते. रक्तातील साखर घरी मोजण्याची सोय नव्हती. पथ्य हाच उपचार होता. जवात विरघळणारा तंतुमय भाग भरपूर असतो आणि त्यामुळे जेवणानंतर साखर सावकाश वाढते, हे आज माहीत आहे. दिवसाचे वेळापत्रक ठरलेले होते आणि मन गुंतवायला काम होते. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. ती बातमी त्यांना तुरुंगातच पचवावी लागली. दुःखाचाही शरीरावर भार पडतो. झोप, भूक आणि साखर तिन्ही त्याने बिघडतात.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक पुण्यात परतले तेव्हा ते ५८ वर्षांचे होत आले होते. दात पडले होते, केस पिकले होते. या वेळी सिंहगडाच्या हवेने जुने शरीर परत मिळणार नव्हते आणि त्यांनी तसा हट्टही धरला नाही. १९१५ मध्ये ‘गीतारहस्य’ छापून आले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले वारले, तेव्हा टिळक विश्रांतीसाठी सिंहगडावरच होते. बातमी कळताच ते खाली उतरून पुण्यात अंत्यसंस्काराला आले. गोखल्यांनाही मधुमेह होता, हृदयही थकले होते. ते अवघे ४८ वर्षांचे होते. दौरे, बैठका आणि इंग्लंडच्या वाऱ्या यांत त्यांनी शरीराला विसावा दिला नव्हता.

मधुमेह झालेल्यांसाठी व्यायाम का महत्त्वाचा, याचे उत्तर आज पेशीच्या पातळीवर मिळते. एरवी रक्तातील साखर स्नायूंच्या आत जाण्यासाठी इन्सुलिन लागते. स्नायू आकुंचन पावत असतात तेव्हा साखर आत घेणारी वाहक प्रथिने इन्सुलिनच्या मदतीशिवायही पेशीच्या पृष्ठभागावर येतात. म्हणून जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या साध्या चालण्यानेही साखर उतरते. शिवाय व्यायामानंतर काही तास ते एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे सांगितले जाते.

टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली एप्रिल १९१६ मध्ये, म्हणजे सुटकेनंतर जवळपास दोन वर्षांनी. या खंडाला राजकीय कारणेही होती. पण या काळात शरीर थोडे तरी सावरले आणि पुढच्या दोन वर्षांत मधुमेही, साठीतल्या माणसाने गावोगाव दौरे केले. १९१८ ते १९१९ या काळात ते इंग्लंडला जाऊन आले. वर्षभराहून अधिक काळ परक्या, थंड हवेत काढला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका रुग्णाला दिले गेले.

म्हणजे सतराव्या वर्षी टिळकांनी नवे शरीर घडवले. बेचाळीसाव्या वर्षी गेलेले बरेचसे परत मिळवले. अठ्ठावन्नाव्या वर्षी जे उरले होते त्यात काम करायला शिकले. पुन्हा सुरुवात करणाऱ्याने आपण या तिघांपैकी कुठे आहोत हे आधी ओळखले, तर निम्मी निराशा टळते.

आपला पुनश्च हरिओम

सोलापूर जिल्ह्यातील जेऊरसारख्या गावात सिंहगड नाही. पण स्टेशनकडे जाणारा रस्ता आहे, शाळेचे मैदान आहे, शेताकडे जाणारी वाट आहे. उन्हाळ्यात तिथे सकाळी आठनंतर धावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण, म्हणून पहाटेची वेळ बरी. परतीसाठी एवढे पुरते. बाकीचे नियम सगळीकडे सारखेच आहेत.

• ताप असताना आणि उतरल्यावर निदान काही दिवस व्यायाम करू नये. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. घरातली रोजची कामे धाप न लागता जमू लागली की चालायला सुरुवात करावी.

• हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा असेल किंवा वय चाळिशीपुढचे असून खंड मोठा पडला असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर कधी सुरू करायचे हे त्यांनाच विचारावे.

• पहिले दोन-तीन आठवडे फक्त चालणे. अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी दुखत नसेल, तर मधे मधे एक मिनिट सावकाश धावणे आणि दोन-तीन मिनिटे चालणे असा क्रम धरावा. धावण्याची मिनिटे आठवड्याला थोडीच वाढवावीत. पहिले दोन महिने एक दिवसाआड धावणे पुरते.

• वेग घड्याळावरून नव्हे, बोलण्यावरून ठरवावा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांतच श्वास तुटत असेल तर वेग कमी करावा.

• आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, टाचा उचलणे यांपासून सुरुवात करता येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुचवते. ही मजल काही महिन्यांत गाठायची आहे, पहिल्याच आठवड्यात नाही.

• इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवावे. अनवाणी चालू नये आणि पायांना जखम नाही ना, हे रोज पाहावे.

• छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, छातीत अनियमित धडधड, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबून ताबडतोब दवाखाना गाठावा.

• सांधा सुजला, एका ठिकाणी बोट ठेवल्यावर हाड दुखू लागले किंवा दुखण्याने चाल बदलली, तर तो आठवडा धावू नये. स्नायूंचे साधे अंग दुखणे दोन-तीन दिवसांत जाते. ते वेगळे.

एक वही ठेवणे उपयोगी पडते. त्यात रोजची झोप, काय खाल्ले, किती चाललो आणि सकाळी उठल्यावरची नाडी एवढेच लिहावे. काही दिवस नाडी नेहमीपेक्षा चढी राहिली, झोप उडाली आणि उत्साह नाहीसा झाला, तर शरीर विश्रांती मागते आहे. पहिल्या महिन्यात या वहीत फारसे काही घडताना दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मागची पाने उलटली की फरक कळतो.